नाट्यशिक्षक गोविंद बल्लाळ देवल : चरित्र, नाटकें आणि साधनें

(१) विषयप्रवेश

महाराष्ट्रांतील साधनसंग्राहकांनीं सनदा, महजर, तहनामे, शकावल्या, बखरी व खासगी पत्रव्यवहार यांचा शोध ज्या निष्ठेनें केला, त्या निष्ठेनें नाटक मंडळ्यांच्या कागदांचा शोध झालेला नाहीं. याचें कारण उघड आहे. जीं नाटकें आपल्या आज्यापणज्यांनीं तिकीट काढून पाहिलीं, त्यांचा काळ हा इतिहासाचा विषय होऊं शकतो, हेंच पुष्कळ दिवस कोणाच्या मनांत ठसलें नाहीं. पेशव्यांच्या मुद्पाकखान्याचा हिशेब सांपडला तर आपण तो जपून ठेवितों. परंतु एखाद्या नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाचा हिशेब सांपडला तर तो रद्दीच्या तागडींत जातो. कागदाचें मोल त्यावरील शिक्क्यावरून ठरविण्याची ही संवय संशोधकास शोभणारी नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय गोविंद बल्लाळ देवल यांचें नाट्यजीवन हा आहे. देवल हे नट होते, नाटककार होते आणि नाट्यशिक्षक होते. या तीन नात्यांपैकीं नाटककाराचें काम छापील पुस्तकांतून आपल्यापुढें आहे. नटाचें काम प्रयोग संपतांच संपतें. त्याची फक्त आठवण मागें राहते. शिक्षकाचें काम तर याहूनहि चमत्कारिक आहे. तें दुसऱ्याच्या शरीरांत व वाणींत उतरतें, आणि प्रेक्षक त्याचें श्रेय शिष्यास देऊन घरीं जातो. देवलांच्या समकालीनांनीं त्यांच्या या तिसऱ्या अंगाचा मोठा गौरव केला. आणि नेमकें याच अंगाचें साधन सर्वांत दुर्मिळ आहे. तें कोणत्या कागदांत शोधावें, व छापील नाटकांवरून त्याचा कितपत उलगडा होतो, हें पाहणें हा या लेखाचा उद्देश आहे.

(२) हरिपूर, सांगली, बेळगांव

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजीं झाला. त्यांचें बालपण सांगलीजवळ, कृष्णा व वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपुरांत गेलें. स्थळाचा विचार येथें अप्रस्तुत नाहीं. देवलांच्या जन्मापूर्वीं बारा वर्षें, म्हणजे ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं, विष्णुदास भावे यांनीं सांगलीकर संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग सांगलींत केला होता. भाव्यांच्या पद्धतींत सूत्रधार पदें म्हणे, त्यांत कथेचा धागा येई, आणि पात्रें आपापलीं भाषणें बहुतेक समयस्फूर्तीनें करीत. अशा नाटकास लिखित संहितेची गरज थोडी, आणि म्हणूनच आजच्या अर्थानें शिक्षकाचीहि गरज थोडी. सोंग कसें घ्यावें, तलवार कशी फिरवावी, राक्षसाची आरोळी कशी द्यावी, एवढें शिकविलें कीं काम भागे.

१८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक आलें आणि शब्दशः लिहिलेल्या गद्य संहितेचा काळ सुरू झाला. आतां प्रत्येक वाक्य ठरलेलें, प्रत्येक प्रवेश ठरलेला. नटानें शब्द पाठ करावयाचे, पण ते पाठ केलेले वाटूं द्यावयाचे नाहींत, हा नवा पेंच उत्पन्न झाला. नाट्यशिक्षक या व्यवसायाचें खरें मूळ या पेंचांत आहे.

देवलांचें इंग्रजी शिक्षण बेळगांवास झालें, आणि मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर त्यांनीं तेथेंच शिक्षकाचा पेशा पत्करला. बेळगांवींच त्यांचा बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्याशीं संबंध आला. किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा. देवलांपेक्षां ते बारा वर्षांनीं वडील. बेळगांवांत त्यांचे नाट्यविषयक उद्योग चाललेले असत, आणि १८७३ मध्यें त्यांचें ‘शांकरदिग्जय’ हें गद्य नाटक छापलें गेलें होतें. देवल शाळेंत मुलांस शिकवीत आणि शाळेबाहेर किर्लोस्करांपासून नाट्य शिकत, असा हा दुहेरी क्रम होता. मुलास धडा समजला कीं नाहीं हें त्याच्या वाचनावरून ओळखण्याची शाळामास्तराची हातोटी त्यांना पुढें नाटकाच्या तालमींत उपयोगीं पडली असावी, असें त्यांच्या एकंदर कामावरून वाटतें.

(३) दोन प्रवाहांच्या संगमावर

१८८० च्या आगेंमागें मराठी रंगभूमीचे दोन प्रवाह निराळे झाले. एक गद्य नाटकांचा. आर्योद्धारक नाटक मंडळी ही या प्रवाहांतील सुशिक्षित तरुणांची मंडळी. शंकरराव पाटकर हे तिचे प्रमुख, आणि देवल हे तिच्याशीं नट व शिक्षक या दोन्ही नात्यांनीं संबद्ध होते. संस्कृत व इंग्रजी नाटकांचीं भाषांतरें अर्थ समजून, भाषणाचा डौल सांभाळून करावीं, हा या मंडळीचा बाणा. मंडळी फार काळ टिकली नाहीं. परंतु शिकलेल्या माणसानें रंगभूमीवर उभें राहणें कमीपणाचें नाहीं, हें तिनें दाखवून दिलें. ज्या काळांत नाटक्या हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, त्या काळांत ही गोष्ट लहान नव्हती.

दुसरा प्रवाह संगीत नाटकांचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत आनंदोद्भव नाट्यगृहांत किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, आणि नोव्हेंबर १८८२ मध्यें ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलें. सूत्रधारानें सर्वांसाठीं गाण्याची चाल मोडून प्रत्येक पात्रानें आपलें गाणें आपण म्हणावें, हा किर्लोस्करांचा मुख्य पालट. त्यामुळें गाण्यांत अभिनय आणि अभिनयांत गाणें मिसळण्याची नवी विद्या शिकविणें प्राप्त झालें. देवल या मंडळींतहि होते.

दोन्ही प्रवाहांत पाय असलेली त्या पिढींतील माणसें थोडीं. गद्य मंडळ्यांस गाण्याचा तिटकारा, आणि संगीत मंडळ्यांस भाषणाची आळस, अशी पुढें पुढें स्थिति झाली. देवलांनीं गद्याची शिस्त संगीत मंडळींत नेली. त्यांच्या नाट्यजीवनाचें मर्म आमच्या मतें यांत आहे.

(४) तालीम म्हणजे काय

येथें थोडें थांबून तालमीची जुनी रीत सांगणें अवश्य आहे, कारण तिच्यावांचून पुढील विवेचन व कागदांचें महत्त्व दोन्ही समजणार नाहींत.

नाटक मंडळी ही त्या काळीं एक फिरतें बिऱ्हाडच असे. मालक किंवा भागीदार, नट, गवई, साथीदार, आचारी, पडदे व कपडे सांभाळणारे, असा सर्व परिवार एकत्र राही आणि गांवोगांव हिंडे. स्त्रियांच्या भूमिका मुलगे व तरुण पुरुष करीत. मंडळींत येणारीं पुष्कळ मुलें आवाजाच्या गुणावर निवडलेलीं, वेगवेगळ्या प्रांतांतलीं, अल्पशिक्षित. कोणाच्या बोलण्यांत कोंकणी हेल, कोणाच्या बोलण्यांत कानडी वळण. अशा मुलाकडून शकुंतला किंवा वसंतसेना उभी करावयाची असे.

संबंध नाटकाची प्रत प्रत्येकाच्या हातीं दिली जात नसे. ज्याच्या वांट्यास जें काम आलें, त्याचींच भाषणें व पदें निराळ्या वहींत उतरून दिलीं जात. या उताऱ्यास मंडळ्यांच्या परिभाषेंत ‘नक्कल’ म्हणत. नकलेंत आपल्या भाषणापूर्वीं दुसरें पात्र काय म्हणतें त्याचे शेवटचे दोनचार शब्द तेवढे लिहिलेले असत. ते कानीं पडले कीं आपण बोलावयाचें. संपूर्ण प्रत तालीममास्तराजवळ व पडद्याआडून आठवण देणाऱ्या माणसाजवळ राही.

या रीतीचा परिणाम काय होई, तो लक्षांत घ्यावा. नटास आपले शब्द ठाऊक, पण नाटक ठाऊक नाहीं. समोरचा काय बोलतो याकडे त्याचें लक्ष शेवटच्या दोन शब्दांपुरतें. तेव्हां भाषण हें उत्तर न राहतां पाठांतर होई. शिक्षकाचें पहिलें काम हें कीं, नकलेनें तोडलेलें नाटक नटाच्या मनांत पुन्हां जोडून द्यावें. कथा सांगावी, प्रसंग समजावावा, या वाक्यापूर्वीं तुझ्या मनांत काय आहे हें विचारावें, मग वाक्य म्हणवून घ्यावें. त्यानंतर उच्चार, त्यानंतर हातवारे, त्यानंतर रंगभूमीवरील जागा व हालचाल. देवलांची कीर्ति या पहिल्या कामाविषयीं होती. ते स्वतः म्हणून व करून दाखवीत, आणि अर्थाशिवाय आलेला शब्द चालूं देत नसत, अशी त्यांची आठवण रंगभूमीच्या परंपरेंत राहिलेली आहे.

(५) नाटकें : शिक्षकाच्या दृष्टीनें

देवलांचीं नाटकें सात : ‘दुर्गा’, ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’, ‘झुंजारराव’, ‘शापसंभ्रम’, ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’. यांतील ‘शारदा’ एवढेंच सर्वस्वीं स्वतंत्र. बाकीचीं सहा कोणत्या ना कोणत्या मूळावर आधारलेलीं. यावरून देवलांची कल्पकता बेताची होती असा निष्कर्ष काढण्यांत येतो. तो घाईचा आहे. मूळ कोठलें यापेक्षां मूळाचें काय केलें, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

‘दुर्गा’ (१८८६) या नाटकाचें मूळ इंग्रजींतील टॉमस सदर्न याच्या १६९४ च्या शोकान्त नाटकांत आहे. पति मेला असें समजून दुसरा विवाह केलेल्या स्त्रीचा पहिला पति परत येतो, आणि तिला वेड लागून तिचा अंत होतो, ही मूळ कथा. डेव्हिड गॅरिक यानें अठराव्या शतकांत तिला ‘इझाबेला’ या नांवानें नवें रूप दिलें होतें. पुनर्विवाहाच्या वादानें तापलेल्या महाराष्ट्रांत हा विषय आणणें हें धाडसाचेंच. पण नटाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत मनाच्या क्रमाक्रमानें होणाऱ्या पडझडीचा अभिनय आहे. असा अभिनय शिकवून घेतल्याशिवाय येत नाहीं.

‘झुंजारराव’ (१८९०) हें शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’चें रूपांतर. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ मध्येंच या नाटकाचें भाषांतर प्रसिद्ध केलें होतें. तें वाचणाऱ्यासाठीं केलेलें भाषांतर होतें. देवलांचें रूपांतर बोलणाऱ्यासाठीं केलेलें आहे. मूळांतील नायक झुंजारराव झाला, डेस्डिमोना कमळजा झाली, इयागो जाधवराव झाला. आणि नांवांबरोबर वाक्यांचें वळणहि देशी झालें. शाहूनगरवासी नाटक मंडळींत गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांनीं झुंजाररावाची भूमिका गाजविली. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून एकच प्रवेश मोठ्यानें वाचून पाहावा. श्वास कोठें घ्यावा हें देवलांच्या वाक्यांत आपोआप समजतें. ही शिक्षकाची लेखणी होय.

किर्लोस्करांचा मृत्यु २ नोव्हेंबर १८८५ रोजीं झाला, आणि त्यांचें ‘रामराज्यवियोग’ अपुरें राहिलें. मंडळीपुढें नव्या नाटकाचा प्रश्न उभा राहिला. तो देवलांनीं शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’नें सोडविला. मूळ संस्कृत प्रकरण दहा अंकांचें, आणि त्याचें मराठी भाषांतर परशुरामतात्या गोडबोले यांनीं पूर्वींच केलें होतें. देवलांनीं त्याला संगीत रूप दिलें, आणि भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांनीं वसंतसेना उभी केली. कालिदासाच्या पुरूरवा व उर्वशी यांच्या कथेवरील ‘विक्रमोर्वशीय’, आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून रचलेलें ‘शापसंभ्रम’ (१८९३) हीं त्याच मालिकेंतलीं. बाणाचें गद्य अरण्यासारखें घनदाट. एकेक समास ओळीओळींचा. त्यांतून महाश्वेतेची व पुंडरीकाची कथा नटाच्या तोंडीं बसेल अशा मराठींत आणणें हें पंडिताचें काम नव्हे. ज्यानें रोज तालमींत अडखळणाऱ्या मुलांचे ओठ पाहिले आहेत, त्याचें तें काम आहे.

पद्यरचनेंतहि हीच दृष्टि दिसते. किर्लोस्करांप्रमाणें देवलांनीं साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या घरोघर परिचित असलेल्या जातींचा व लोकांच्या तोंडच्या चालींचा उपयोग केला. त्यांच्या पदांतील शब्द बोलण्यांतले, आणि पद भाषणाच्या पोटांतून निघून पुन्हां भाषणांत मिसळणारें. १८९६ मध्यें श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचें ‘वीरतनय’ आलें आणि रंगभूमीवर नव्या चालींचा व कोटीबाज भाषेचा काळ सुरू झाला. त्या नवलाईपुढें देवलांचा साधेपणा कांहींना जुनाट वाटला असेल. परंतु टिकण्याच्या कसोटीवर तो साधेपणा खरा उतरला.

(६) ‘शारदा’

१३ जानेवारी १८९९ रोजीं इंदूर येथें किर्लोस्कर नाटक मंडळीनें ‘शारदा’ नाटकाचा पहिला प्रयोग केला. सामाजिक विषयावरील मराठी नाटकें त्यापूर्वीं नव्हतीं असें नाहीं. महादेव बाळकृष्ण चितळे यांचें ‘मनोरमा’ १८७१ चें. नारायण बापूजी कानिटकर यांची, स्त्रीशिक्षणाची टर उडविणारी ‘तरुणीशिक्षण नाटिका’ १८८६ ची. परंतु राजे, ऋषि व अप्सरा यांच्या तोंडीं शोभणारें संगीत नाटक एका भिक्षुकाच्या ओसरीवर आणण्याचें धैर्य देवलांचें.

कथा सर्वश्रुत आहे. कांचनभट हा द्रव्यलोभी बाप आपली अल्पवयी कन्या शारदा भुजंगनाथ या धनिक जख्खड म्हाताऱ्यास देऊं करतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. शारदेची आई इंदिराकाकू मनांत जळते, पण तिचें घरांत चालत नाहीं. कोदंड हा तरुण या विवाहाविरुद्ध उभा राहतो. अखेर ऐन लग्नांत वधूवर सगोत्र असल्याचें उघड होऊन विधि थांबतो. शारदा जीव देण्यास नदीवर जाते. कोदंड तिला वांचवितो, आणि शंकराचार्यांच्या संमतीनें दोघांचा विवाह होतो.

या रचनेंतील एक गोष्ट अभ्यासकांनीं विशेष पाहण्यासारखी आहे. लग्न थांबतें तें वराच्या वयामुळें नव्हे, गोत्रामुळें. म्हातारा आणि पोर यांच्या विवाहास शास्त्राची हरकत नाहीं; एकाच गोत्राचे असतील तर मात्र हरकत आहे. देवलांनीं यावर भाष्य केलेलें नाहीं. त्यांनीं फक्त प्रसंग मांडला. आणि ज्या समाजांत मुलीचें रडें कोणी ऐकत नाहीं पण गोत्राचें नांव काढतांच अंतरपाट दूर होतो, त्या समाजाचें चित्र प्रेक्षकाच्या पदरांत टाकलें. संमतिवयाच्या कायद्याचें वादळ १८९१ मध्यें होऊन गेलें होतें. त्या वादांत दोन्ही पक्षांनीं जे प्रचंड लेख लिहिले ते आज संशोधकच वाचतात. ‘शारदा’ मात्र सामान्य माणसानें पाहिली.

येथें एका प्रचलित समजुतीचें निरसन करणें संशोधनाच्या दृष्टीनें जरूर आहे. १९२९ मध्यें संमत झालेला व १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आलेला बालविवाहप्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ या नांवानें महाराष्ट्रांत ओळखला जाई. त्यायोगें मुलीचें विवाहाचें वय कमींत कमी १४ व मुलाचें १८ ठरलें. हें नांव देवलांच्या नाटकावरून पडलें असें अनेकांस वाटतें. वस्तुतः तें त्या बिलाचे पुरस्कर्ते अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनांवावरून आलें. ‘सारडा’चें ‘शारदा’ कसें झालें हें सांगण्यास भाषाशास्त्र नको. तीस वर्षें रंगभूमीवरून जें नांव लोकांच्या कानीं पडत होतें, तें कायद्याच्या नांवांत आपोआप जाऊन बसलें. समजूत चुकीची आहे. परंतु ती चूक हाच नाटकाच्या प्रभावाचा एक अस्सल पुरावा आहे. चुकीच्या दंतकथेंतहि खरी माहिती असते, ती अशी.

पुढें केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनीं लहान वयांत स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत शारदेची भूमिका करून नांव मिळविलें. नाटक एका मंडळीचें राहिलें नाहीं, महाराष्ट्राचें झालें.

(७) ‘तसबिरीचा घोटाळा’ ते ‘संशयकल्लोळ’

हस्तलिखितसंग्राहकांच्या दृष्टीनें देवलांच्या नाटकांत सर्वांत मनोरंजक प्रकरण हें आहे. फ्रेंच नाटककार मोलिएर याची ‘स्गानारेल’ ही एकांकी प्रहसनिका १६६० ची. तिच्यावरून आर्थर मर्फी यानें १७६१ मध्यें पांच अंकी इंग्रजी नाटक रचलें. मर्फीवरून देवलांनीं १८९३ मध्यें ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक केलें. आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच गद्यास पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केलें. पॅरिसहून लंडन, लंडनहून पुणें. पद्य, गद्य आणि पुन्हां संगीत, असा अडीचशें वर्षांचा हा प्रवास.

रूपांतराची सफाई पात्रांच्या नांवांपासून सुरू होते. पुरुष महिन्यांचे आणि स्त्रिया नक्षत्रांच्या : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, चाकर भादव्या, आणि कृत्तिका, रेवती. पंचांग उघडून बसविलेली ही योजना ऐकतांच प्रेक्षकास हंसूं येतें, आणि मूळ परकी असल्याचा संशयहि येत नाहीं. रस्त्यांत मूर्च्छित झालेल्या रेवतीस फाल्गुनराव सांवरतो, तें त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, तें फाल्गुनराव पाहतो. एका तसबिरीवरून दोन जोडप्यांत संशयाचा कल्लोळ उडतो. अशा नाटकांत कोणी खोटें बोलत नाहीं. प्रत्येकजण डोळ्यांनीं पाहिलेलें खरेंच सांगतो, आणि तरीहि सर्व चुकतात. पुराव्याचें वाचन कसें करूं नये, हें इतिहाससंशोधकानें या नाटकावरून शिकावें असें आम्ही विनोदानें म्हणतों. पण त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं.

‘संशयकल्लोळ’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनें ऑक्टोबर १९१६ मध्यें केला. तो पाहण्यास देवल नव्हते. १४ जून १९१६ रोजीं ते वारले होते. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव व बालगंधर्वांची रेवती यांची कीर्ति पुढें वर्षानुवर्षें टिकली; परंतु ज्या माणसानें वाक्य आणि पद दोन्ही घडविलीं, तो आपल्या अखेरच्या नाटकाच्या पहिल्या रात्रीं प्रेक्षकांत नव्हता.

(८) शिष्यपरंपरा

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) हे १९०५ मध्यें किर्लोस्कर नाटक मंडळींत आले, आणि त्याच वर्षीं मिरजेस त्यांनीं शकुंतलेची पहिली भूमिका केली. ती त्यांना देवलांनीं शिकविली होती. येथें परंपरेची साखळी स्पष्ट दिसते : ‘शाकुंतल’ किर्लोस्करांचें; किर्लोस्करांचा सहवास देवलांस; देवलांची शिकवण बालगंधर्वांस. १८८० ची शकुंतला आणि १९०५ ची शकुंतला यांमधील पंचवीस वर्षें कोणत्याहि पुस्तकानें नव्हे, एका शिक्षकानें जोडलेलीं आहेत.

१९१३ मध्यें बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हां साठीच्या उंबरठ्यावर आलेले देवल तिच्याशीं शिक्षक म्हणून निगडित झाले. गणपतराव बोडसांनीं (१८८०–१९६५) आपल्या ‘माझी भूमिका’ या आत्मवृत्तांत त्यांचें ऋण मानलें आहे. शंकर बापूजी मुजुमदार यांनीं १९०४ मध्यें लिहिलेलें किर्लोस्करांचें चरित्रहि या काळासाठीं महत्त्वाचें. कारण मुजुमदार हे १८८० च्या प्रयोगांतील शकुंतला होते, म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार. मात्र नटांच्या आठवणी वाचतांना एक सावधगिरी ठेवावी. त्या बहुधा पुष्कळ वर्षांनीं लिहिल्या जातात, आणि सांगणारा स्वतः त्या गोष्टीचा नायक असतो. बखरीस आपण जी कसोटी लावितों तीच येथें लावावी.

(९) संग्राहकांस विनंती

अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद देवलांच्या स्मृतिदिनीं, १४ जून रोजीं, रंगकर्मींस पारितोषिकें देते. हें योग्यच आहे. पण स्मृतीचा दुसरा अर्धा भाग कागदांचा आहे, आणि तो संग्राहकांच्या हातीं आहे. म्हणून पुढील जातींच्या कागदांकडे लक्ष वेधणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

पहिली जात नकलांची. नटाची नक्कल ही मूळ ग्रंथाची अपुरी प्रत म्हणून टाकून देण्यांत येते. ही मोठी चूक होय. छापील पुस्तक लेखकाचें, नक्कल प्रयोगाची. तींत गाळलेलीं वाक्यें, बदललेले शब्द, पदाच्या वर लिहिलेलें चालीचें नांव, समासांतील खुणा, हीं सर्व शिक्षकाच्या हाताचीं चिन्हें असूं शकतात. एकाच भूमिकेच्या दोन काळांतील दोन नकला मिळाल्या, तर तालमींतील पालट डोळ्यांनीं पाहतां येईल.

दुसरी जात मंडळींच्या रोजकीर्दी व खतावण्यांची. कोणत्या गांवीं किती मुक्काम, कोणत्या नाटकाचें काय उत्पन्न, कोणास काय वेतन, हें त्यांतून निघतें. शिक्षकास दिलेल्या एका रकमेची नोंद ही त्याच्या वास्तव्याचा असा पुरावा आहे कीं, जो शंभर आठवणींस पुरून उरेल.

तिसरी जात हस्तपत्रकांची व जाहिरातींची. त्यांवर गांव, नाट्यगृह, दिवस, नाटक व पुष्कळदां पात्रें यांचा उल्लेख असतो. त्यांचा कागद हलका, म्हणून तीं सर्वांत आधीं नाहींशीं होतात. बहुतेकांवर तिथिवार असतो पण सन नसतो. अशा वेळीं वार व तिथि यांचा मेळ जंत्रीवरून घालून सन निश्चित करतां येतो, हें आपल्या वाचकांस सांगावयास नकोच.

चौथी जात प्रयोगाच्या संपूर्ण प्रतींची. ‘फाल्गुनराव’ व ‘संशयकल्लोळ’ यांच्या मधल्या अवस्थेची एखादी प्रत, गद्यांत पदाची जागा खुणेनें दाखविलेली, कोणाच्या संग्रहांत असेल तर तिचें मोल मोठें आहे. तीवरून जुनें वाक्य कोठें पद झालें आणि कोठें वाक्यच राहूं दिलें, हें कळेल. आणि देवल हे लिहितांना शिकवीत होते कीं शिकवितांना लिहीत होते, या प्रश्नाचें उत्तर मिळेल.

असे कागद मिळाल्यास ते फोडून वाटूं नयेत. ज्या गठ्ठ्यांत सांपडले त्या गठ्ठ्यासह, त्याच क्रमानें ठेवावे, व कोणत्या गांवीं, कोणत्या प्रकारच्या घरांत मिळाले याची टीप त्याच दिवशीं करावी. रंगाचे डाग, तेलाचे ठिपके, दुमडलेले कोपरे पुसूं किंवा सरळ करूं नयेत. तेहि वाचावयाचे असतात.

देवलांनीं हरिपुरापासून जो मार्ग आक्रमिला, त्याच्या दोन्ही बाजूंस त्यांनीं शिकविलेलीं माणसें उभीं होतीं. तीं माणसें गेलीं, त्यांचे आवाज गेले, त्यांना पाहणारे डोळेहि मिटले. आतां शिकविणाऱ्याचा माग त्या वह्यांत आहे, ज्यांवर कोणत्याहि दरबाराचा शिक्का नाहीं. त्या माळ्यावरून खालीं उतरविण्याचें काम आपलें आहे, आणि त्यास फार अवधि उरलेला नाहीं.